मॅलमला जिओकॅशिंग करताय? आधी त्या फटीतून हात बाहेर काढा

उन्हाळा जवळ आला की आमच्या लीड्सच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, की मुलांना घेऊन एका दिवसात जाऊन येता येईल असं काहीतरी सांगा, पार्क नको, मॉल नको आणि नुसतं चालायला लावलं तर कार्टी कुरकुर करतात. माझं उत्तरही ठरलेलं, मॅलमला जा आणि जिओकॅशिंग करा. (स्पेलिंगमधे मधेच एक एच आहे, तो तिथलं कुणी म्हणत नाही, आपणही म्हणायचा नाही.) मग पुढचे दोन तास एकेकाला तेच तेच टाइप करत बसतो, म्हणून यावेळी एकदाच सगळं लिहून टाकतोय. लांबलंय, पण जायच्या आदल्या रात्री वाचून ठेवा, तिथे गेल्यावर नेटवर्कच्या नावाने बोंब असते.

ज्यांना जिओकॅशिंग म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कुणीतरी एक डबी (तिलाच कॅश म्हणतात) कुठेतरी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, आपण फोनवरच्या जीपीएसने ती शोधायची, आतल्या कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच परत ठेवायची. झालं. मोठ्या माणसांचा लपंडावच म्हणा, फक्त राज्य कायम आपल्यावर. याची सुरुवात मजेदार आहे. अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमधे मुद्दाम चूक घालून ठेवायचं, ते मे २००० मधे बंद केलं आणि लगेच ३ मेला ऑरेगनमधे डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने एक काळी बादली रानात अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले, बघू कुणाला सापडते का. बादलीत इतर वस्तूंबरोबर बीन्सचा एक डबाही होता. आज ती कॅश कुणी पाठवली तर पास होणार नाही, कारण स्पष्ट परवानगीशिवाय पुरायला बंदी आणि खायची वस्तू ठेवायलाही बंदी. पुढे सगळं सांगणार आहे त्यात हा पुरायच्या बंदीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.

आता मॅलम. यॉर्कशर डेल्स नॅशनल पार्कमधलं छोटंसं गाव, पार्क १९५४ चं. लीड्सहून गाडीने सव्वा-दीड तास, नाहीतर ट्रेनने स्किप्टन आणि तिथून बस, पण बसेस मोजक्या असतात त्यामुळे परतीची वेळ आधी बघा. गावातल्या नॅशनल पार्क सेंटरच्या पार्किंगला पैसे पडतात आणि सुट्टीच्या दिवशी दहा-साडेदहापर्यंत ते भरलेलंच दिसतं. गावापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर मॅलम कोव्ह, म्हणजे सुमारे ८० मीटर उंचीचा, घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला पांढुरका कडा. कोकणकडा पाहिलेल्या माणसाला उंचीचं काही वाटणार नाही, पण हा बसाल्ट नाही, चुनखडी आहे, आणि तिथेच सगळी गंमत आहे. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी या कड्यावरून धबधबा होऊन पडायचं. आता वरून काही पडत नाही, पाणी आतल्या आत जिरतं आणि पायथ्याच्या फटीतून ओढा होऊन बाहेर येतं. अपवाद एकच, डिसेंबर २०१५ मधे डेझ्मंड वादळाच्या पावसात कड्यावरून परत धबधबा पडला, तिथल्या हयात माणसांनी तो त्याआधी कधी पाहिला नव्हता.

कड्याच्या डाव्या अंगाने चारेकशे पायऱ्या चढून वर गेलं की समोर एक पठार येतं, ते पहिल्यांदा बघताना पाय आपोआप थांबतात. मैदानभर फरसबंदी केलीये आणि मग कुणीतरी प्रत्येक फरशी सुटी करून ठेवलीये असं दिसतं. फरशीला तिथे क्लिंट म्हणतात आणि मधल्या फटीला ग्राइक. हे कसं झालं ते आपल्याला समजायला सोपं आहे. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असेल तर त्यावर लिंबू कापून ठेवल्यावर काय होतं आठवा, फिकट डाग पडतो आणि कितीही घासला तरी जात नाही, कारण कडप्पा हीसुद्धा चुनखडीच आणि आम्लाने ती खाल्ली जाते. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, मातीतून झिरपताना आणखी होतं, आणि दगडाला मुळात ज्या उभ्या चिरा असतात त्या हजारो वर्षं खात खात रुंद करतं. त्याआधी हिमनदीने वरची माती खरवडून दगड उघडा केलेला. म्हणजे ओटा बर्फाने पुसला आणि लिंबू पावसाने पिळलं.

नियम हाच हिंट

माझी पहिली खेप सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. फोनने गावाबाहेरच्या एका पायवाटेवर आणून सोडलं, दोन्ही बाजूला त्या भागात सगळीकडे असतात तशा दगडी भिंती, सिमेंट-बिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड रचलेले, आपल्याकडे शेताला गडगा घालतात तसेच. मला वाटलं झालं, इतक्या फटी म्हणजे यातच कुठेतरी असणार. पाऊण तास मी एकेका फटीत बोटं घालतोय, लेक खालचे दगड हलवून बघतेय, बायको लांब उभी राहून आपला काही संबंध नसल्यासारखी डोंगर बघतेय, आणि तेवढ्यात शेतकरी त्याच्या क्वाड बाइकवरून आला. ओरडला वगैरे नाही. खाली उतरून त्याने लेकीने हलवलेले दोन दगड होते तसे बसवले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि गेला. ओरडला असता तर परवडलं असतं. कॅश त्या दिवशी मिळालीच नाही. महिन्याने परत गेलो तेव्हा दोन मिनिटात मिळाली, भिंतीपासून चार पावलांवरच्या लोखंडी फाटकाच्या खालच्या आडव्या पाइपला चुंबकाने चिकटलेली, करंगळीएवढी.

नंतर कळलं की ब्रिटनमधल्या जिओकॅशिंगच्या नियमात या गडग्यांमधे कॅश ठेवायलाच मनाई आहे. एक दगड सैल झाला की हिवाळ्यात भिंत फुगते आणि ढासळते, मग मेंढ्या बाहेर. तसंच वरच्या फरसबंदीचं. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्यात चुनखडीच्या फरसबंदीसाठी वेगळी तरतूद आहे, संरक्षणाचा आदेश असलेल्या जागेवरून दगड उचलणं किंवा तोडणं हा गुन्हा आहे, कारण एक काळ लोक आपापल्या बागेत शोभेला हे दगड गाड्या भरून नेत होते. शिवाय हा सगळा परिसर एसएसएसआय, म्हणजे शास्त्रीय दृष्ट्या राखीव जागा, तिथे परवानगीशिवाय काही ठेवता येत नाही. आणि स्पष्ट परवानगीशिवाय कॅश पुरायची नसते हे वर आलंच.

आता हेच उलटं करून बघा. भिंतीत नाही, फरसबंदीच्या फटीत नाही, मातीखाली नाही, कुंपण ओलांडून पलीकडे नाही. मग उरलं काय? फाटकाचे खांब, पाट्यांच्या मागची बाजू, बाकाच्या खालची पट्टी, झाडाची ढोली, पुलाचा कठडा, रस्त्याकडेच्या झाडांची मुळं. म्हणजे फोन म्हणतोय पाच मीटर आणि त्या वर्तुळात एक भिंत आणि एक लाकडी खांब आहे तर डोळे झाकून खांबाकडे जा. लोकांना नियम म्हणजे कटकट वाटते, मला तर वेबसाइटवरच्या हिंटपेक्षा हा मोठा हिंट वाटतो. आणि एखादी कॅश खरंच फरसबंदीच्या फटीत कोंबलेली दिसली, तर शोधल्याचा आनंद मानून गप्प बसू नका, वेबसाइटवर त्या कॅशच्या पानावरून कॅश पास करणाऱ्या रिव्ह्यूअरला कळवा, हे लोक स्वयंसेवकच असतात पण दखल घेतात.

घरून निघताना

ऑफिशियल जिओकॅशिंग अ‍ॅप फुकट मिळतं पण फुकटच्या अकाउंटला त्यात सगळ्या कॅश दिसत नाहीत, सोप्या तेवढ्या दिसतात, पहिल्या दिवसाला तेवढं पुरतं. अँड्रॉइडवाल्यांना सी:जिओ नावाचं अ‍ॅप आहे, तेही फुकट, दिसायला ओबडधोबड पण कामाचं, आणि कॅश फोनमधे साठवून ठेवता येतात. काहीच जमलं नाही तर प्रत्येक कॅशचं वर्णन, हिंट आणि शेवटचे चार-पाच लॉग (म्हणजे आधी शोधून गेलेल्यांच्या नोंदी) यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. शेवटचे लॉग नक्की वाचा, ओळीने तीन लोकांनी नाही सापडली लिहिलं असेल तर ती बहुतेक गायब आहे, मुलांना उगाच तिथे नेऊन रडवू नका.

प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, डी आणि टी, दोन्ही १ ते ५. डी म्हणजे शोधायला किती अवघड, टी म्हणजे तिथवर पोचायला किती अवघड. मुलं असतील तर दोन्ही २ च्या आत ठेवा. टी ५ म्हणजे दोर, होडी असलं काहीतरी लागतं. आकाराचाही उल्लेख असतो, मायक्रो म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी असायची तेवढी, स्मॉल म्हणजे जेवणाचा छोटा डबा, पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांसाठी स्मॉल शोधा कारण त्यात अदलाबदलीची खेळणी असतात आणि त्यांना त्यातच रस असतो. नियम एवढाच की जे घ्याल त्याच्या तोडीचं किंवा चांगलं काहीतरी ठेवायचं. आमच्या लेकीने पुण्याहून आणलेली छोटी प्लॅस्टिकची रिक्षा एका डब्यात ठेवली, नंतर कुणीतरी लॉगमधे लिहिलं की ती रिक्षा आता कुठल्याशा घरी बाथटबच्या काठावर उभी असते. पोरगी आठवडाभर हवेत.

आकड्यांचं एक सांगतो, हे कुणी समजावून सांगत नाही. जिओकॅशिंगमधे अंश आणि दशांश मिनिटं अशी पद्धत असते, मिनिटाच्या पुढे तीन आकडे. शेवटचा आकडा एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण जवळपास १.८५ मीटरचा फरक पडतो, पण मॅलम ५४ अंश उत्तरेला असल्यामुळे पूर्व-पश्चिम तोच फरक फक्त १.१ मीटर. म्हणजे पहिल्या ओळीतला, अक्षांशाचा आकडा हुकला तर जास्त चालावं लागतं. हाताने आकडे टाकताना गूगल मॅप्समधे दशांश अंशाच्या पद्धतीत टाकलेत तर थेट भलत्याच डोंगरावर पोचाल, ते रूपांतर अ‍ॅपवर सोडा.

बाकी सामान म्हणजे पेन (डबीत पेन नसतं, आणि पेन विसरणं हा या खेळातला सगळ्यात कॉमन मूर्खपणा आहे), मायक्रोतली कागदाची गुंडाळी बाहेर काढायला भुवयांचा चिमटा, ओला कागद पुसायला टिश्यू, कचऱ्यासाठी एक पिशवी, कारण वाटेतला कचरा उचलत जायची या खेळात जुनी पद्धत आहे, आणि शिवणाच्या डब्यातली शिंप्याची टेप. टेप कशाला ते पुढे येतंय. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, कागदी नकाशा घेतलात तर उत्तम, ओएल २ नंबरचा, फोन बंद पडला की त्याची किंमत कळते. बूट घोट्यापर्यंतचे. खायला आम्ही धपाटे नेतो, गार झाले तरी चालतात, आणि थर्मासभर चहा, तिथल्या वाऱ्यात तो चहा जो काही लागतो.

वाट आणि शोध

मी नेहमी उलट्या बाजूने सुरू करतो, कोव्ह शेवटी. गावातून आधी जॅनेट्स फॉस, मग गॉरडेल स्कार, तिथून रस्त्याने आणि शेतांमधून कोव्हच्या माथ्यावर आणि पायऱ्या उतरून परत गावात. साधारण ७-८ किलोमीटर, मुलं आणि कॅश धरून पाच तास. पायऱ्या चढायच्याऐवजी उतरायला मिळतात हा एक फायदा. गुडघेवाल्यांनी ठरवा.

जॅनेट्स फॉसला जायची वाट झाडीतून आहे, मे महिन्यात तिथे रानलसणीचा इतका दाट वास असतो की फोडणीची आठवण होऊन भूकच लागते. तोडायची मात्र नाही. धबधबा छोटासा, पण तो ज्या दगडी पडद्यावरून घसरतो तो दगड रोज थोडाथोडा वाढतोय, कारण पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर परत साठतो. त्याला तूफा म्हणतात. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच प्रकार, फक्त इथे तो सुंदर दिसतो. त्या पडद्यावर चढायचं नाही, पाय पडला की तुटतो.

गॉरडेल स्कार म्हणजे घळ, दोन्ही बाजूंना शंभर मीटरच्या वर चढलेल्या भिंती. इथे फोनचं जीपीएस वेडं होतं. आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, त्यामुळे उपग्रह कमी सापडतात आणि जे सापडतात त्यांचे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतात, मग बाण गरागरा फिरतो आणि तुम्ही बसल्या जागी १५-२० मीटर इकडेतिकडे सरकताना दिसता. उघड्यावर फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, घळीत आणि कोव्हच्या पायथ्याशी तो भरवसा सोडा. उपाय असा की जागेच्या तीस-चाळीस मीटर अलीकडे थांबायचं, फोन स्थिर धरून मिनिटभर वाट बघायची, दिशा ठरवायची, फोन खिशात टाकायचा आणि मग डोळ्यांनी शोधायचं. शेवटच्या दहा मीटरला फोनकडे बघणारा माणूस हमखास ठेचकाळतो. घळीतल्या धबधब्यावरून वर चढणारी माणसं दिसतील, तो खरंच हातापायांनी चढायचा कडा आहे, मुलं असतील तर नाही म्हणजे नाही, मागे फिरा.

लोक आजूबाजूला असतील तर लगेच डबी उघडू नका. खेळ माहीत नसलेल्यांना जिओकॅशर लोक मगल म्हणतात, आणि मगलने बघितलेली डबी आठवड्याभरात गायब होते. मी बुटाची लेस बांधायचं नाटक करतो. बायको म्हणते एवढ्या वेळा लेस सुटणारा माणूसच जास्त संशयास्पद दिसतो.

अर्थकॅश, म्हणजे डबीच नसलेली कॅश

आता माथ्यावर या. इथे डबी शोधायचीच नाही, इथे अर्थकॅश करायची. मॅलमसारख्या जागी खरी मजा हीच आहे असं माझं मत आहे, आणि यासाठी मी डब्यांच्या दहा कॅश सोडून देईन. हा प्रकार २००४ मधे जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाबरोबर सुरू झाला. लपवलेलं काहीच नसतं. दिलेल्या आकड्यांवर पोचायचं, तिथल्या दगडाबद्दलची माहिती वाचायची, समोर बघून किंवा मोजून प्रश्नांची उत्तरं काढायची आणि ती कॅशच्या मालकाला मेसेजमधून पाठवायची. कधीकधी तिथे गेल्याचा फोटोही मागतात. उत्तर पाठवलं की लॉग टाकून मोकळं व्हा, चूक असेल तर मालक कळवतो. उत्तरं लॉगमधे उघड लिहायची नाहीत.

चुनखडीच्या जागी प्रश्न साधारण असे असतात, फटीची रुंदी आणि खोली किती, फटी कुठल्या दिशेने जातात, फरशीचा वरचा भाग गुळगुळीत आहे का त्यावर पन्हळी आहेत, फटीत काय उगवलंय. आणि इथे ती शिंप्याची टेप. आम्ही काय करतो, आधी एक मोठी, न डुगडुगणारी फरशी बघून सगळे तिच्यावर बसतो. लेक पोटावर पालथी होते, मी तिच्या जॅकेटची टोपी धरून ठेवतो, ती टेपच्या धातूच्या टोकाला धरून हळूहळू खाली सोडते. पहिल्या फटीत साठ सेंटीमीटरला टेकली. दोन फरशा सोडून पुढच्या फटीत टेप संपली तरी तळ लागेना, आणि शिंप्याची टेप दीड मीटरची असते. चेहरा फटीजवळ नेला की कळतं की वर वारा कानात शिट्ट्या घालतोय आणि आत हवा एकदम शांत, गार, ओलसर, माठाशेजारी गाल नेल्यासारखी. म्हणूनच वर मेंढ्यांनी कातरलेलं खुरटं गवत आणि खाली फटीत मात्र जंगलातली झाडं असतात, हार्ट्स टंग नावाचं नेचं तर हमखास, लांब चकचकीत हिरव्या जिभेसारखं पान. मेंढीचं तोंड तिथे पोचत नाही आणि वारा पण नाही. आता विचार करा, तिथे कुणी प्लॅस्टिकचा डबा कोंबला आणि तो शोधायला वर्षाला पाचशे जणांनी हात घातला तर त्या नेच्याचं काय होईल. कोकणात कातळसड्यावर पावसाळ्यात खळग्याखळग्यात इवलीशी फुलं येतात, तिथे लोकांनी गाड्या घातल्या की जे होतं तेच.

दिशा मोजायला फोनमधला कंपास पुरतो. एका मोठ्या फटीच्या रेषेत उभं राहून आकडा घ्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चार-पाच घेतल्यावर लक्षात येतं की फटी कशाही वाकड्यातिकड्या नाहीत, ठरावीक दिशांनाच धावतात, कारण दगडातल्या मूळच्या चिरा तशा होत्या आणि पाण्याने तीच वाट धरली. लेकीने हे स्वतः ओळखलं तेव्हा ती मला म्हणाली, बाबा म्हणजे पाण्याने नवीन काही केलंच नाही, फक्त आधीचं मोठं केलं. मी ते तसंच मालकाला पाठवलं.

एक गोष्ट करायची नाही, लिंबू किंवा व्हिनेगर टाकून दगड फसफसतो का बघायचा प्रयोग. शाळेत ठीक आहे, इथे नाही. हातोडी तर अजिबातच नाही, दगडाचा तुकडा खिशात घालायचा नाही, आणि इतरांनी रचलेल्या दगडांच्या उतरंडी बघून आपलीही एक रचू नये, ते दगड फरसबंदीतूनच उचललेले असतात.

पाण्याचं कोडं मात्र नक्की सोडवा, त्यावर अख्खी संध्याकाळ गप्पा होतात. वर उत्तरेला मॅलम टार्न नावाचा तलाव आहे, ३७७ मीटर उंचीवर. चुनखडीच्या मुलखात तलाव टिकतो कसा, तर त्याच्या तळाखाली पाणी न जिरणारा पाटीचा दगड (स्लेट) आहे. त्यातून निघालेला ओढा थोडं अंतर वाहतो आणि चुनखडी लागली की जमिनीत गडप. सगळ्यांना वाटतं तेच पाणी कोव्हच्या पायथ्याशी बाहेर येत असणार. पण तपासून बघितल्यावर निघालं की ते मुख्यतः गावाच्याही खाली दक्षिणेला एअर हेड नावाच्या झऱ्यांना निघतं, आणि कोव्हच्या पायथ्याचं पाणी येतं मुख्यतः दुसरीकडून, जुन्या शिसं गाळायच्या कारखान्याजवळ जिरलेलं. एअर हेड गावापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पाय उरले असतील तर बघून या.

जीव सांभाळा

चुनखडी कोरडी असताना पकड चांगली देते पण मॅलमच्या माथ्यावर इतके पाय पडलेत की फरशा साबणासारख्या गुळगुळीत झाल्यात, पाऊस पडला की बर्फ बरा. फटीवरून उड्या मारू नका, एकेक पाऊल फरशीच्या मध्यावर. काही फरशा डुगडुगतात. कड्याच्या टोकाला कठडा नाहीये, आणि सेल्फी घेताना मागे सरकायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. धुक्यात माथ्यावर जाऊच नका, फट दिसतच नाही.

वसंतात कोव्हच्या कड्यावर बहिरी ससाणा घरटं करतो, खाली दुर्बिणी लावलेले लोक दिसतील, मुलांना बघायला देतात. त्या काळात जमिनीवर घरटी करणारे पक्षीही असतात आणि शेतात कोकरं, म्हणून वाट सोडून आडवं कापत जाऊ नका, अ‍ॅपमधला बाण सरळ रेषेत दाखवतो पण मधे कुणाचं तरी शेत असतं. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड बघा.

पश्चिमेला इंगलबरो डोंगराच्या बाजूला गेलात तर गुहा आणि विवरं लागतात, तिथे कॅशच्या नादाने आत शिरायचं नाही. गेपिंग गिल नावाचं विवर एका दमात ९८ मीटर खाली जातं. ते आतून बघायचंच असेल तर मेच्या शेवटी ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लब आणि ऑगस्टमधे क्रेव्हन पॉटहोल क्लब तिथे विंच लावून सामान्य लोकांना पैसे घेऊन खाली सोडतात, तो रीतसर मार्ग.

कुणाला लागलंच तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. फक्त रेस्क्यू म्हटलं तर समोरच्याचा गोंधळ होतो. ते तुमची जागा विचारतील, ऑर्डनन्स सर्व्हेचं ओएस लोकेट अ‍ॅप नेटवर्क नसताना पण ग्रिड रेफरन्स (नकाशावर जागा सांगणारा आकडा) दाखवतं, ते आधीच टाकून ठेवा. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, रात्री जेवणावरून उठून येतात.

आपली कॅश ठेवायची असेल तर

दोन-तीन खेपा झाल्या की प्रत्येकाला खाज सुटते. गावाजवळच ठेवा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गावाजवळ, कारण कागद भिजला, डबी फुटली की तुम्हालाच जायचंय. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं. जमिनीच्या मालकाची परवानगी आधी, नंतर नाही, आणि एसएसएसआयमधे ती कुणी सहज देत नाही. मॅलमच्या माथ्यासाठी तर विचारूही नका. स्वतःची अर्थकॅश करायला अंतराची अट नाही पण नवीन काहीतरी शिकवणारी पाहिजे, आणि अशा प्रसिद्ध जागी बहुतेक विषय कुणीतरी आधीच घेतलेले असतात. त्यापेक्षा तुमच्या गावातल्या चर्चच्या पायऱ्या नाहीतर स्टेशनची भिंत बघा, बरेचदा तिथल्या दगडात शिंपले सापडतात आणि त्यावर कुणी काही लिहिलेलं नसतं.

शेवटचं म्हणजे लॉग. रात्री घरी आल्यावर लगेच टाका. नुसतं टीएफटीसी, म्हणजे कॅशबद्दल धन्यवाद, एवढंच लिहू नका, दोन ओळी लिहा, मालक त्यावरच जगत असतो. आणि सापडली नाही तर डीएनएफ, म्हणजे नाही सापडली अशी नोंद, टाकायला लाजू नका, त्यावरून मालकाला कळतं की जाऊन बघायला हवं. माझा त्या भिंतीवाल्या दिवसाचा डीएनएफ अजून तसाच आहे, पाऊण तास शोधली, नाही मिळाली, भिंतीतले सगळे दगड बघितले असं मी मोठ्या अभिमानाने लिहिलेलं. त्याच्या खाली मालकाचं उत्तर आहे, भिंत सोडून बाकी सगळं बघा.